क्रमांक नसलेली शर्यत

चांदूर रेल्वेसारख्या तालुक्याच्या गावी सायकलीला आज प्रतिष्ठा उरलेली नाही. मुलगा महाविद्यालयात गेला की मोटारसायकलचा हट्ट धरतो आणि वडिलांची सायकल भिंतीला टेकते, ती कायमची. परंतु याच विदर्भातील एका सायकलस्वाराने जगाला दखल घ्यावयास लावली, हे किती घरांत ठाऊक असेल?

नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची स्पर्धा एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली. लष्करातील डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ यांनीही त्याच वर्षी हा पराक्रम केला. त्यापूर्वी २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी दोघांच्या संघाने ती जिंकली नव्हे, पूर्ण केली होती. आणि या क्रीडाप्रकारात पूर्ण करणे हेच जिंकणे होय. पुढे २०१८ मध्ये समर्थ यांनी मॉस्को ते व्लादिवोस्तोक हे नऊ हजारांहून अधिक किलोमीटरचे अंतर पंधरा टप्प्यांत पार केले.

महाराष्ट्राला सायकल शर्यत नवी नाही. १९४५ पासूनच्या मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट प्रथम चढणाऱ्यास ‘घाटांचा राजा’ म्हणत. तथापि दीर्घ पल्ल्याच्या ‘ब्रेव्हे’ या उपक्रमाचा पिंड निराळा आहे. २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास, ३०० साठी वीस, ४०० साठी सत्तावीस आणि ६०० साठी चाळीस तास, अशी मुदत असते. वाटेतील ठरावीक ठाण्यांवर कार्डावर नोंद करून घ्यावयाची. पंक्चर स्वतः काढावयाचे. रात्री दिवा आणि चमकणारे जाकीट अनिवार्य. पहिला कोण, दुसरा कोण, हे कोणी जाहीर करीत नाही. क्रमांक आणि चषक यांच्या हव्यासाने आपल्या शालेय क्रीडेचे काय झाले, हे पाहिले म्हणजे या नियमाचे मोल कळते. अमरावतीहून अकोल्यास जाऊन परतणे म्हणजे जवळपास दोनशे किलोमीटर. असे व्रत वऱ्हाडातील सुदृढ तरुणास अशक्य आहे काय?

ज्या अमरावतीत १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले आणि ज्याच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली, तेथे शरीरसाधनेची परंपरा नव्याने सांगावयास नको. अडचण दुसरीच आहे. हा खेळ डॉक्टर, अभियंता, अधिकारी यांच्यापुरता उरण्याचा धोका आहे. लाखाची आयात सायकल हवीच, असा समज पसरला आहे. पहाटे खेड्यातून दुधाचे कॅन लटकावून येणारा गवळी वर्षानुवर्षे जे अंतर तोडतो, त्याची गणना मात्र कोणी केली नाही! मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील शाळकरी मुलींना सायकली मिळाल्या. त्या सायकलींनी शिक्षण सावरले. क्रीडेच्या दृष्टीने मात्र त्यांच्याकडे पाहण्याचे कोणास सुचले नाही.

दुसरी अडचण रस्त्याची. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत पूर्ण झाले आणि गिनीज बुकात नोंद झाली. अभियंत्यांचे आणि मजुरांचे कौतुक झालेच पाहिजे. परंतु त्याच कडेने जाणारा सायकलस्वार ट्रकच्या झोताने हेलकावे न खाता घरी पोहोचतो की नाही, याची नोंद कोणत्या पुस्तकात होणार? तालुक्याच्या रस्त्यांवर तर काळ्या मातीमुळे साइडपट्टी पावसात खचते आणि सायकलस्वारास डांबरावरच यावे लागते. चांगली, मुरूम भरून दाबलेली साइडपट्टी हीच तालुक्याची खरी क्रीडासुविधा ठरेल. तिचा लाभ शाळकरी मुलीस, शेतमजुरास आणि स्पर्धकास सारखाच होईल. ग्रामसभेत आणि बांधकाम विभागाकडे हा आग्रह धरावयास कोणता खर्च येतो?

आरंभ लहान असावा. चांदूर रेल्वेहून अमरावती सुमारे तीस किलोमीटर. वाटेत पोहऱ्याचे जंगल, तेथे बिबट्याचा वावर. म्हणून उजाडल्यावरच निघावे. उन्हाळा टाळावा, कारण मे महिन्यात वऱ्हाडचे ऊन शौर्य पाहत नाही. कार्तिकातील एखाद्या रविवारी गावातील दहा-बारा मुलांनी, असेल त्या सायकलीने, जाऊन-येऊन साठ किलोमीटर करावेत. एखाद्या डॉक्टरांनी निघण्यापूर्वी तपासावे, एखाद्या शिक्षकांनी अमरावतीच्या वेशीवर उभे राहून कार्डावर वेळ टिपावी, आणि सर्वांत शेवटी परतणाऱ्या मुलाची वाट पाहत बाकीच्यांनी रेल्वे स्थानकासमोर थांबावे.