सतरा सेकंदांत चित्र दिसत नाही

अठराव्या शतकाच्या अखेरीस शनिवारवाड्यात चित्रशाळा होती. पेशव्यांच्या दरबारातला कंपनीचा वकील चार्ल्स मॅलेट आणि स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स यांनी सवाई माधवरावांच्या संमतीने ती उभी केली. तिथल्या गंगाराम तांबटाने काढलेली वेरूळची लेणी आणि पेशव्यांचा गेंडा आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. शनिवार पेठेला असा वारसा आहे, पण शहरात चित्र बघण्याची रीत काही रुजली नाही. सवाई गंधर्व महोत्सवाला निघालेला पुणेकर आज कोण गाणार, घराणं कोणतं, साथीला कोण, याची चौकशी करून जातो. तोच माणूस नदीपलीकडे बालगंधर्वच्या कलादालनात शिरतो, तो नाटकाला अजून वीस मिनिटं आहेत म्हणून. भिंतीच्या कडेने एक फेरी, अभिप्रायाच्या वहीत ‘अप्रतिम’, की झालं.

चित्र थेट डोळ्यांना भिडलं पाहिजे, त्याला तयारी कसली, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. पण भिडायला अवधी तर हवा! न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात नामांकित चित्रांसमोर प्रेक्षक किती थांबतात, हे जेफ्री आणि लिसा स्मिथ यांनी मोजलं. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत मध्यक निघाला १७ सेकंद. एवढ्या वेळात काय निसटतं, हे पुण्याच्याच एका चित्रावरून कळेल. लंडनच्या टेट संग्रहात टॉमस डॅनियलचं पेशवे दरबाराचं मोठं तैलचित्र आहे. टिपूविरुद्धचा १७९० चा तह मॅलेट पेशव्यांशी पक्का करतो आहे, असा प्रसंग. पहिल्या नजरेत दिसतो तो थाट. आता दोन-तीन सनावळ्या जवळ ठेवून बघा. ज्याच्या रेखाटनांच्या आधारे हे चित्र झालं तो वेल्स भारतात पोचला १७९१ मध्ये आणि वारला १७९५ मध्ये; डॅनियलने चित्र लंडनमध्ये मांडलं १८०५ मध्ये. म्हणजे प्रसंग दोघांपैकी एकानेही पाहिलेला नव्हता, आणि चित्र काढवून घेतलं होतं मॅलेटनेच. हे कळल्यावर नजर थाटावरून चेहऱ्यांकडे वळते. यातला कोणता समोर बसवून काढलेला, कोणता गर्दी भरायला घातलेला? हा दरबार आहे की मॅलेटच्या कारकिर्दीची जाहिरात?

माहितीमुळे डोळा बांधला जातो, हा आक्षेप मात्र खरा आहे. आधी पाटी वाचणारा माणूस चित्रात पाटीवरचंच शोधतो. म्हणून क्रम उलटा हवा: आधी चित्र, मग पाटी, मग पुन्हा चित्र. अमूर्त चित्राला सनावळ्या कुठे लावणार, असंही कुणी विचारेल. तिथे तयारी वेगळी. वासुदेव गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफने रंग चढवत आणि काढत, एवढं ठाऊक असलं तरी ‘यात आहे काय?’ हा प्रश्न मागे पडतो आणि रंगाचे थर दिसू लागतात. अर्ध्या तासात साठ चित्रं उरकण्यापेक्षा तीन निवडावीत. उरलेली बुडाली तरी चालतील. वेळ नाही ही सबब त्यामुळे निम्मी तरी गळून पडते.

आपल्याकडच्या प्रदर्शनांत आणखी एक सोय असते, जी टेटमध्ये मिळणार नाही. चित्रकार बहुधा स्वतःच कोपऱ्यातल्या टेबलापाशी बसलेला असतो. त्याला चित्राचा अर्थ विचारला की तो अवघडतो. हे चित्र पुरं झालं, आता हात लावायचा नाही, हे कशावरून ठरवलंत, असं विचारलं तर तो खुर्चीतून उठून चित्रापाशी येतो.