दादांचा सौसरचा प्रवास

यंदाच्या भाऊबिजेला आमचे दादा पांढुर्ण्याहून सौसरला एकटे गेले. यात सांगण्यासारखे ते काय, असे वाचकांस वाटेल. दादांची दृष्टी काचबिंदूने गेली त्यास तेवीस वर्षे झाली, आणि इतक्या काळात आम्ही घरच्यांनी त्यांना गल्लीच्या टोकापलीकडे एकटे जाऊ दिले नव्हते. सौसर काही परमुलूख नव्हे. २०२३ पासून दोन्ही तालुके मिळून आपला पांढुर्णा जिल्हाच झाला आहे. पण धाकट्या बहिणीकडे जायचे तर कोणाची रजा, कोणाची परीक्षा, कोणाचा संत्र्याचा तोडा पाहून बेत ठरे, आणि पुष्कळदा मोडे. गेल्या वर्षी तसाच मोडला. बहीण ओवाळणीचे ताट घेऊन संध्याकाळपर्यंत बसली होती. दादा त्याविषयी चकार शब्द बोलले नाहीत. मात्र त्या दिवाळीनंतर त्यांनी बोलका फोन शिकावयास घेतला.

या फोनच्या काचेवर बोट फिरविले की त्याखालचा मजकूर तो मराठीत वाचून दाखवितो, आणि नकाशा उघडला की किती अंतरावर कोणीकडे वळावे तेही सांगतो. ही विद्या आकाशातून येते. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांपैकी निदान चारांचे संकेत मिळाले की फोन आपले ठिकाण काढतो. अंधांना याचा उपयोग व्हावा ही कल्पना अमेरिकेत जॅक लूमिस या मानसशास्त्रज्ञाने १९८५ सालीच मांडली होती. पुढे बनलेले पहिले यंत्र पाठीवर वाहावे लागे. शिवाय सामान्यांसाठीचे संकेत त्या काळी मुद्दाम बिघडवून सोडीत, त्यामुळे शंभर मीटरपर्यंत चूक होई. २ मे २००० रोजी ते बंधन उठले. आता उघड्या आभाळाखाली चांगला फोन पाचेक मीटरपर्यंत चुकतो.

हे पाच मीटर डोळसाला काहीच नाहीत. आमच्या गावांच्या गल्ल्या मात्र तेवढ्याच रुंद. मी या साहसाच्या विरुद्ध होतो, तो याच हिशेबाने.

दादांनी तयारी नीट केली होती. वाटेत नेटवर्क गेले तरी अडू नये म्हणून नकाशा आधीच उतरवून घेतला. पत्र्याच्या छताखाली संकेत क्षीण होतात म्हणून बसमध्ये खिडकीची जागा धरली. फोनचे बोंडूक एकाच कानात घातले, दुसरा कान रस्त्यासाठी मोकळा. जामसावळीचा फाटा आला तो फोनच्या आधी त्यांना प्रवाशांनी कळविला, कारण निम्मी बस मारुतिरायाच्या नावाने गजरली. ‘काका, तुमचं ठिकाण आलं की सांगतो’ म्हणणारा कंडक्टर मात्र विसरला. फोन विसरला नाही.

खरी अडचण शेवटच्या गल्लीत आली. ‘आपण पोहोचला आहात’ असे फोनने सांगितले, आणि त्याच क्षणी पांढरी काठी नालीत उतरली. दादा गल्लीच्या भलत्या अंगाला उभे होते. बहिणीच्या घराची त्यांची जुनी खूण म्हणजे शेजारच्या पिठाच्या गिरणीची घरघर. सणामुळे गिरणी बंद. इतक्यात कोणा मुलाने त्यांचा दंड धरून ओढण्यास आरंभ केला. दादांनी दंड सोडविला, उलट त्याचे कोपर धरले आणि म्हणाले, ‘आता चाल पुढे, पिठाचा वास येईल तिथं थांब.’ मुलगा हसला आणि म्हणाला, ‘मले गिरणी ठाऊक आहे ना!’

बहिणीने दार उघडले आणि ती दादांच्या पाठीमागे पाहू लागली. ‘कोणासंगं आलास, दादा?’

‘कोणासंगं नाही.’

संध्याकाळी दादा परतले, आणि अर्ध्या तासाने आमचे चिरंजीव, जणू शेतावरूनच आल्यासारखे. मीच त्याला मोटारसायकलवर बसच्या मागे पाठविले होते, आणि दादांच्या कानी काही पडू नये अशी सक्त ताकीद दिली होती. दादांनी चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि म्हणाले, ‘बाळ, गाडीचा सायलेन्सर दुरुस्त करून घे. दर थांब्यावर फटफटत होता.’

‘हो, मोठे बाबा,’ तो म्हणाला. माझ्याकडे कोणीच पाहिले नाही.