पेंडीची पारख आणि माशाचें आतडें

वाशीच्या कृषि उत्पन्न बाजार समितीच्या आवारांत कांदा-बटाटा, फळें, भाजीपाला, मसाला आणि धान्य असे पांच बाजार आहेत. तेथें तुरीचा दाणा दांताखालीं धरून ओल ओळखणारा शेतकरी बंधु तळ्यांतील माशांसाठीं पेंड घेतांना मात्र किलोचा भाव आणि पिशवीवरील प्रथिनांचा आंकडा एवढेंच पाहतो. आमच्या मतें ही पारख अपुरी आहे. २०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’ या योजनेनें महाराष्ट्रांत तळीं पुष्कळ झालीं. त्यांत मासे सोडणाऱ्यांनीं माशाच्या आतड्याचाही विचार केला पाहिजे.

रोहू, कटला, मृगळ यांना आपल्यासारखें आम्लयुक्त जठर नसतें. अन्न थेट आतड्यांत उतरतें आणि पचनाचा सर्व भार त्याच्यावरच पडतो. कच्च्या सोयाबीनमधील कांहीं द्रव्यें प्रथिनें पचविणाऱ्या रसाला अडवितात. योग्य उष्णता दिल्यास त्यांचा जोर बराच मोडतो. सॅपोनिन मात्र उष्णतेला दाद देत नाहीं. सोयापेंडीनें सामन माशाच्या आतड्याचा शेवटचा भाग सुजून आंतील घड्या आखूड होतात, असें १९९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत नोंदलें आहे. परंतु एवढ्यावरून सोयापेंडीस बहिष्कृत करणें हा अविचार होय. सामन पडला मांसाहारी. आपल्याकडे पाळल्या जाणाऱ्या सायप्रिनस माशावरील प्रयोगांत (२००८) सूज आली खरी, पण तीच पेंड चालू असतां चौथ्या-पांचव्या आठवड्यांत ती ओसरूं लागली.

भुईमुगाच्या पेंडीची गोष्ट निराळी, आणि अधिक भयाची. तिला बुरशी लागली कीं अफ्लाटॉक्सिन हें विष उत्पन्न होऊं शकतें. तें यकृत बिघडवितें आणि शिजविल्यानें जात नाहीं. गुरांना नको म्हणून बाजूस काढलेली पेंड तळ्यांत लोटणें सर्वथा त्याज्य होय.

हल्लीं लसूण, हळद, पाचक पुड्या यांचा गवगवा फार. लसणानें रोहूची रोगप्रतिकारशक्ति वाढल्याचें २००७ सालीं प्रसिद्ध झालें आहे, हें मान्य. तरी बुरसटलेल्या पेंडीवर लसूण हा उतारा नव्हे. फायटेज नांवाचें पाचक वनस्पतींत बांधलेला स्फुरद मोकळा करितें, पण त्याला बहुधा आम्लता लागते. ती या जठररहित माशांत कोठून मिळणार?

एकट्या शेतकऱ्यास पेंडीची तपासणी परवडत नाहीं. पांचदहा तळेवाल्यांनीं एकत्र खरेदी करून एकच नमुना प्रयोगशाळेंत पाठविल्यास खर्च वांटला जातो. पेंड घाण्याची कीं द्रावकानें तेल काढलेली, तिला उष्णता किती दिली, ती किती दिवसांची, हें विक्रेत्यास विचारावें. उत्तर न मिळाल्यास दुसरें दुकान पाहावें.