वंश हा पुरावा नव्हे

युद्ध सुरू झाले की एक वाक्य हमखास कानावर पडते, "देश आधी, हक्क नंतर!" चौकात पडते, चहाच्या टपरीवर पडते, शाळेच्या शिक्षक-खोलीतही पडते. ऐकायला ते बाणेदार वाटते. पण देश आणि हक्क या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे ठरवले कोणी? जवान ज्याच्यासाठी प्राण देतो तो वतन म्हणजे नुसती माती नव्हे. त्या मातीवर राहणाऱ्यांना संविधानाने दिलेला शब्द, तोही देशच.

१९६२ घ्या. २० ऑक्टोबरला चीनने हल्ला केला, २६ ऑक्टोबरला आणीबाणी जाहीर झाली, भारत संरक्षण कायदा आला. संकट खरे होते, हे आम्ही नाकारत नाही. युद्धात सरकारला जादा अधिकार लागतात. सैन्याच्या हालचाली छापू नयेत, रात्री दिवे मालवावेत, यावर कोणी शहाणा वाद घालणार नाही. पण त्या कायद्यात माणूस 'शत्रुवंशाचा' असल्याचा संशय अटकेला पुरेसा ठरला. तुम्ही काय केले, हे विचारायचेच नाही. तुमचा आजा कुठून आला, एवढे पाहायचे!

मग आसाममधून, दार्जिलिंग-कालिम्पाँगकडून चिनी वंशाची सुमारे ३,००० माणसे राजस्थानातल्या देवलीच्या छावणीत नेली गेली. त्यांत जोडे शिवणारे होते, सुतार होते, म्हातारे होते, शाळकरी पोरे होती. कित्येकांचा जन्म इथलाच. कोणावर खटला नाही, आरोपपत्र नाही. मागे राहिलेली दुकाने-घरे अनेकांना परत मिळालीच नाहीत. जोडे शिवणाऱ्याला कोंडल्याने सेला खिंड वाचली का? २१ नोव्हेंबरला चीनने युद्धबंदी केली. पण देवलीतली शेवटची माणसे सुटायला १९६७ उजाडले, आणि आणीबाणी उठायला १९६८ चा जानेवारी. युद्ध एक महिन्याचे, आणीबाणी पाच वर्षांची! याला समतोल म्हणायचे?

एका मुलाने खोडी केली म्हणून सगळा बाक उभा करणारा मास्तर शिस्त लावत नसतो. खोडी कोणी केली हे शोधण्याचा कंटाळा तो शिस्तीच्या नावाखाली लपवत असतो. सरकारचेही तसेच. हेर शोधायला मेहनत लागते, वंश मोजायला लागत नाही.

"युद्धात कोर्टकचेऱ्या कशाला?" असे विचारणाऱ्यांना ७ सप्टेंबर १९६५ ची तारीख सांगावी. आदल्याच दिवशी आपल्या फौजा लाहोर आघाडीवर उतरल्या होत्या. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने डॉ. राममनोहर लोहियांची स्थानबद्धता बेकायदा ठरवली. नियमात शब्द होता 'सार्वजनिक सुव्यवस्था', पाटण्याच्या हुकुमात होता 'कायदा व सुव्यवस्था'. एवढा फरक न्यायालयाने मोजला. पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले न्या. हिदायतुल्ला यांनी एकात एक अशी तीन वर्तुळे समजावून दिली: कायदा व सुव्यवस्था सर्वांत मोठे, त्यात सार्वजनिक सुव्यवस्था, आणि सर्वांत आतले, सर्वांत लहान वर्तुळ राज्याच्या सुरक्षिततेचे. म्हणजे प्रत्येक गडबड ही देशावरचे संकट नसते. या निकालाने आघाडीवरची एक चौकी तरी पडली का? नाही.

आता थोडे आपल्या घरातले. देवलीचे नाव काढले की आपल्यातलेही काही म्हणतात, "चिन्यांशी आपला काय संबंध?" हाच प्रश्न उद्या आपल्याबद्दल कोणी विचारला, तर तो कोणत्या तोंडाने चुकीचा म्हणणार? इन्साफ फक्त स्वतःच्या कौमसाठी मागितला की त्याची खैरात होते.

म्हणून आमची मागणी साधी आहे. अटक कृत्यावर व्हावी, वंशावर किंवा नावावर नव्हे. कारण त्या माणसाला सांगावे आणि न्यायाधीशाने ते तपासावे. युद्धासाठी घेतलेला अधिकार युद्धाबरोबर परत करावा. यातली एकही अट हेराला वाचवत नाही. ती वाचवते निरपराध माणसाला, आणि हेरामागे धावणाऱ्या पोलिसाचा वेळही.

संशयाची यादी पुन्हा कधी निघाली, तर त्यात आडनावे कोणाची आहेत हे न पाहता पहिला प्रश्न आपण विचारू या: याने केले काय?