दह्यातलं पाणी

गेल्या श्रावणात बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, बोलणं अडखळू लागलं. तातडीनं एमआरआय काढला. डॉक्टरांनी पडद्यावर मेंदूतला एक पांढरा डाग दाखवला आणि म्हणाले, ‘‘इथं पाण्याची हालचाल मंदावलीय.’’ आईनं ऐकलं ते एवढंच, की डोक्यात पाणी झालंय. संध्याकाळपर्यंत ही बातमी निपाणीच्या मावशीपासून खानापूरच्या आत्यापर्यंत पोचली होती आणि दोघी रडत होत्या.

मी पडलो मराठी शिकवणारा. आईची समजूत घालायची तर आधी मला तरी समजायला हवं. म्हणून दुसऱ्या दिवशी आमच्या रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांना स्टाफरूममध्ये गाठलं. त्यांनी आधी ती भीती घालवली. रक्तपुरवठा तुटला की मेंदूतल्या पेशी फुगतात, बाहेरचं पाणी आत ओढलं जातं आणि आतल्या दाटीत पाण्याच्या रेणूंची धाव तोकडी होते. यंत्राला दिसते ती ही तोकडी धाव. डोक्यात पाणी होणं हा आजारच निराळा.

‘‘पण पाणी धावतंय की रांगतंय हे त्या यंत्राला कळतं कसं?’’ मी विचारलं. मग चहा दोनदा झाला.

पाण्याच्या रेणूत हायड्रोजन असतो आणि त्याचं अणुकेंद्र म्हणजे एक इवलासा लोहचुंबक. मोठ्या चुंबकात ठेवून त्याला रेडिओलहरींचा धक्का दिला की ते डळमळतं आणि हळूहळू पूर्वपदावर येतं. किती वेळात येतं, हे रेणू किती चपळाईनं गिरक्या घेतोय त्यावर ठरतं. हाच चुंबकीय अनुनाद. फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल यांनी तो 1946 मध्ये दाखवला. ब्लॉख यांचा पहिला प्रयोग साध्या पाण्यावरच होता! पुढे 1951 मध्ये त्यांच्याच स्टॅनफर्ड विद्यापीठात अल्कोहोलच्या एका रेणूतले तीन प्रकारचे हायड्रोजन वेगवेगळे ओळखून दाखवणाऱ्या तिघांत एक होते एस. एस. धर्मट्टी. आडनाव वाचून आपल्याकडच्या वाचकांचे कान टवकारले असतील. भारतात परतल्यावर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयाचा पाया त्यांनी घातला. आपल्या पाठ्यपुस्तकांत हे नाव मला तरी कधी भेटलं नाही, याची खंत वाटते.

सरांनी मग विचारलं, ‘‘तुमच्याकडं दही लावतात ना? कवडी दह्याचं भांडं उपडं केलं तरी सांडत नाही. त्यात पाणी किती असेल?’’ मी म्हटलं, निम्मं. उत्तर होतं, शंभर ग्रॅममध्ये पंच्याऐंशीच्या वर. अंड्याचा पांढरा बलकही असाच. उकडल्यावर घट्ट होतो, पण पाणी कुठंही गेलेलं नसतं. साहजिकच वाटतं, की प्रथिनांनी ते पाणी घट्ट धरून ठेवलंय. शास्त्रज्ञांनाही बराच काळ असंच काहीसं वाटत होतं. प्रथिनाभोवती पाण्याचा बर्फासारखा थिजलेला थर असतो, ही कल्पना चांगली रुजली होती.

ती हलवली अनुनादानं. झुरिकमध्ये कुर्ट वुथ्रिश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1991 मध्ये गाईच्या स्वादुपिंडातलं एक छोटं प्रथिन, अवघ्या 58 अमिनो आम्लांचं, पाण्यात विरघळवून तपासलं. त्याच्या पृष्ठभागावरचे पाण्याचे रेणू एका जागी नॅनोसेकंदभरही, म्हणजे सेकंदाचा अब्जावा भागही, टिकत नव्हते. आले की निघाले. प्रथिनाच्या आत मात्र चार रेणू होते, ते बरेच जास्त रेंगाळत होते. (वुथ्रिश यांना 2002 मध्ये नोबेल मिळालं, ते प्रथिनांची रचना अनुनादानं उलगडण्याच्या पद्धतीसाठी.)

यात एक मेख होती. पाण्यातला हायड्रोजन लबाड. तो प्रथिनातल्या हायड्रोजनशी जागा बदलतो. मग आपण पाणी मोजतोय की प्रथिन? स्वीडनमधल्या लुंडच्या बर्टिल हाले यांनी म्हणून ऑक्सिजनचा माग धरला. त्याचा चुंबकीय प्रकार, ऑक्सिजन-17, दहा हजार अणूंत जेमतेम चार सापडतो. पण तो पाण्याची साथ सोडत नाही. या मोजमापांतून कळलं, की पृष्ठभागावरचं बहुतेक पाणी साध्या पाण्यापेक्षा काही पटींनीच मंद असतं. आणि त्या आतल्या चारांपैकी एक रेणू सुमारे 170 मायक्रोसेकंद मुक्काम करतो.

मी मराठीचा माणूस, मला आकडे घरात आणल्याशिवाय कळत नाहीत. साध्या पाण्यातल्या रेणूला एक वळण घ्यायला साधारण दोन पिकोसेकंद लागतात. त्या वळणाला एक सेकंद धरा. मग ओटीवरचा पाहुणा तीन-चार मिनिटांत, चहाही न घेता, उठतो. माजघरातला मात्र पावणेतीन वर्षं राहतो!

‘‘त्याला बाहेर पडायला दार तरी आहे का?’’ मी विचारलं. ‘‘नाही,’’ सर म्हणाले, ‘‘प्रथिनच क्षणभर फाकावं लागतं. म्हणजे पाण्याचा मुक्काम मोजता मोजता प्रथिन किती वेळानं उघडतं तेही कळतं.’’ आणि ही सगळी लगबग बिनकामाची नाही. लायसोझाइम हे आपल्या अश्रूंतलं विकर पूर्ण कोरडं केलं तर निपचित पडतं. त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाएवढं पाणी मिळालं, की कामाला लागतं.

घरी येऊन आईला सांगितलं, डोक्यात पाणी झालेलं नाही, आहे त्याच पाण्याचा वेग त्या जागी कमी झालाय. ‘‘थांबलं नाही ना?’’ तिनं विचारलं. नाही, म्हटलं. मग तिनं मावशीला फोन लावला. दह्याचा सगळा भाग तिनं गाळून टाकला.

बाबांचा हात आता खांद्यापर्यंत उठतो. जेवताना चमचा डाव्या हातात असतो. परवा त्यांनी तो उजव्यात घेऊन दह्याच्या वाटीत घातला, निम्मं ताटात सांडलं आणि अडखळत मला विचारलं, ‘‘मा... माजघरातला गेला का रे?’’