शेरा कुणी कुणावर मारायचा?

एस्कॉर्टकडे जाऊन आलेल्या पुरुषाने तिच्याविषयी अभिप्राय लिहावा, असं म्हणणारे लोक आहेत. त्यांचं म्हणणं वरवर सरळ वाटतं. पुढच्याची फसवणूक टळते, चांगली असेल तिला गिऱ्हाईक मिळतं, दलालाचं महत्त्व घटतं. हॉटेलवर लिहितो, डॉक्टरवर लिहितो, मग इथेच लाज कसली?

लाज नको, हे मला मान्य आहे. मग पूर्ण सोडा, खाली स्वतःचं नाव लिहा. तिचा रंग, वय, बांधा, ‘सहकार्य केलं की नाही’ हे सगळं उघड, आणि लिहिणारा मात्र टोपणनावाआड. याला अभिप्राय नाही, चहाडी म्हणतात.

मी राहते त्या भिलाईत रेल्वेचे रूळ तयार होतात. आत कुठे चीर नाही ना, हे ध्वनिलहरींनी तपासूनच रूळ बाहेर पाठवतात. तपासायलाच हवा, त्यावरून गाडी जायची असते. पण पोलाद कारखान्यात आणखी एक नोंद असते, अपघातांची. कोण भाजलं, कुणाचा हात गेला, का गेला. पहिली नोंद मालाची, दुसरी कामगारासाठी. अभिप्रायवाले बाईला रुळांच्या ओळीत ठेवतात. ती कामगार आहे, आणि तिच्या कामातला धोका दारातून आत येतो.

तो कसा आवरायचा, हे या बायकांनीच शोधून काढलं. कोलकात्याच्या सोनागाचीत १९९२ साली डॉ. स्मरजित जाना यांनी एड्स रोखण्याचं काम सुरू केलं, त्यातून १९९५ साली बायकांची दुर्बार महिला समन्वय समिती उभी राहिली. आपल्या सांगलीत १९९६ साली वेश्या अन्याय मुक्ती परिषद झाली. यातलं गणित साधं आहे. एकटीने कंडोमशिवाय नाही म्हटलं, तर गिऱ्हाईक शेजारचं दार ठोठावतं. सगळ्यांनी मिळून नाही म्हटलं, तर जाणार कुठे?

अभिप्राय नेमका इथे घाव घालतो. ‘फार अटी घालते’, ‘घाई करते’, ‘नखरे आहेत’: यांतलं प्रत्येक वाक्य तिच्या नकारावरचा दंड आहे. वाईट शेरा पडला की पुढचा येत नाही, भाडं थकतं, आणि पुढच्या वेळी ती नाही म्हणत नाही. जमलेली एकी चार ओळींत मोडते.

उलट दिशेची वहीही जगात आहे. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात १९८०च्या दशकात या धंद्यातल्या बायकांनी मारहाण करणाऱ्या गिऱ्हाइकांची वर्णनं आपसांत फिरवायला सुरुवात केली. ‘अग्ली मग्ज’ हे तिचं नाव. ब्रिटनमध्ये २०१२पासून हे काम देशपातळीवर चालतं. तिथे शेरा गिऱ्हाइकावर असतो आणि त्यावर एखादीचा जीव वाचू शकतो.

साहित्यवाल्यांना हा प्रकार अनोळखी नसावा. संस्कृतातल्या ‘चतुर्भाणी’त विट गणिकांच्या वस्तीतून हिंडत एकेकीविषयी बोलतो. भाण एकपात्री असल्यामुळे समोरची काय म्हणाली, तेही तोच सांगतो! आजच्या अभिप्रायात तेवढीही सोय नाही. ती काही म्हणालीच नाही, असं धरून चाललेलं असतं.

कायद्याचंही ऐका. शरीरविक्रय हा आपल्याकडे स्वतःहून गुन्हा नाही. पण १९५६च्या कायद्याच्या कलम ८खाली सार्वजनिक जागी गिऱ्हाइकाला बोलावल्याबद्दल बाईला पहिल्या खेपेला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तोच गुन्हा पुरुषाने केला तर कमाल तीन महिने. अशा देशात तिचं नाव-ठिकाण लिहून ठेवणं म्हणजे धाड घालणाऱ्याच्या हाती आयता पत्ता देणं. १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या बायकांच्या सन्मानाविषयी निर्देश दिले, त्यांची ओळख माध्यमांनी उघड करू नये असंही सांगितलं. वर्तमानपत्राला जे करता येत नाही, ते गिऱ्हाइकाने हौसेने का करावं?

लिहायचंच असेल तर विषय पुष्कळ आहेत. ठरलेले पैसे आधी दिले का, की नंतर घासाघीस केली. पिऊन गेलो होतो का. कंडोम स्वतः नेला होता का. ती थांब म्हणाली तेव्हा थांबलो का. आणि समोरची मुलगी अल्पवयीन वाटली, तर तिथे लेखन नको, तिथून बाहेर पडून १०९८ला फोन हवा.