चंपीचे मोल

वाचकहो, नगरहून माळशेज घाटाने एस.टी.त अंग आंबवून मुंबईस पोचलात आणि गिरगाव चौपाटीवर तेलाच्या बाटल्या किणकिणल्या, की चंपीवाला आला समजा. ‘प्यासा’ (१९५७) मध्ये जॉनी वॉकरने तो देशभर गाजवला. इंग्रजांचा ‘शॅम्पू’ शब्दही या चंपीचाच सोयरा. पाटण्याच्या शेख दीन महंमदाने ही विद्या एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात ब्रायटनला नेली आणि थेट राजाच्या सेवेत नेमणूक मिळवली. चौपाटीवरच्या माणसाशी मात्र आपण पाच-दहा रुपयांसाठी हुज्जत घालतो! कष्टकऱ्याचे पैसे कष्टकऱ्यानेच कापावेत? भाव बसण्यापूर्वी ठरवा, उठताना पुरता द्या. मान तेवढी कडाकडा मोडून घेऊ नका. आतल्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते.